आयर्लंडच्या गावोगावचे बलदंड आणि कसबी लोक: शाळकरी मुलांच्या वह्यांतल्या गोष्टी

मेघना_गॉलवे

आयर्लंडच्या लोककथा म्हटलं की गाडी कू हुलिन, फिन मक्कूल हे पुराणातले वीर आणि टेकडीखालच्या परीलोकावर येऊन थांबते. ह्या धाग्यात मला त्यांच्याविषयी बोलायचं नाही. मला बोलायचंय पलीकडच्या वाडीतल्या माणसाविषयी. गव्हाचं अख्खं पोतं बाजारातून पाठीवर घेऊन घरी आलेला, लोहाराची ऐरण शिंगाला धरून एका हाताने उचललेला, एका दिवसात एकट्याने सगळं कुरण कापलेला माणूस. असे लोक इथल्या प्रत्येक गावात होऊन गेले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं आज आपल्याला वाचता येतात, ती केवळ शाळकरी मुलांमुळे.

१९३५ साली इथे लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. जेम्स डेलार्जी त्याचे संचालक होते. आयोगाकडे गावोगाव फिरणारे मोजकेच संकलक होते, त्यामुळे १९३७ ते १९३९ ह्या काळात शिक्षण खातं आणि प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेला सोबत घेऊन एक योजना आखली गेली. दक्षिणेकडच्या २६ काउंट्यांमधल्या सुमारे ५,००० शाळांतली साधारण ११ ते १४ वर्षांची मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारणार आणि ऐकलेलं वहीत उतरवणार. निबंधाच्या तासाला निबंधाऐवजी हेच लिहायचं. शॉन ओ सुलावान यांनी तयार केलेली ५५ विषयांची पुस्तिका शिक्षकांना दिली होती. गावातली लोहारशाळा, पवित्र विहिरी, बटाट्याची लागवड, वादळं, आणि त्यातच एक विषय: गावचे वीर. जोरकस माणसं, पळणारे, उड्या मारणारे, पोहणारे, गवत कापणारे, गाणारे, गोष्टी सांगणारे. सुमारे ५०,००० मुलांनी लिहिलं आणि सात लाखांहून जास्त पानं जमली. काही आयरिशमध्ये, काही इंग्रजीत. आज ती डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहेत आणि डूखस नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात.

'गावचे वीर' ह्या विषयावरची पानं वाचताना मला सगळ्यात जास्त धरून ठेवतात ती त्यातली मापं. पुराणातला वीर डोंगर उचलतो, तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही. गावचा वीर मात्र 'एक बॅरल गहू' उचलतो. आयर्लंडमध्ये गव्हाचं बॅरल म्हणजे २० स्टोन, म्हणजे २८० पौंड, म्हणजे १२७ किलो. जवाचं बॅरल १६ स्टोनचं, ओटचं १४ चं. ऐकणाऱ्या प्रत्येकाने ते पोतं कधी ना कधी दुसऱ्याच्या मदतीने गाडीत चढवलेलं असायचं, त्यामुळे नुसतं 'बॅरल गहू' म्हटलं की समोरच्याच्या कमरेत कळ यायची. तसंच गवताचं. 'दिवसात एक आयरिश एकर' कापला असं म्हणतात, आणि आयरिश एकर आपल्या नेहमीच्या एकराच्या १.६२ पट असतो. आपल्या हिशोबात जवळपास ६५ गुंठे! लांब दांड्याच्या विळ्याने चांगला कापणारा दिवसाला साधारण एकरभर उरकायचा. म्हणजे गोष्टीतला माणूस चांगल्या माणसाच्या दीडपटीहून थोडा जास्त आहे, पण माणसाच्या हद्दीत आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता त्या विळ्याचीच एक गोष्ट. कापणारे एका ओळीत, एकामागून एक तिरपे उभे राहतात. पुढचा वेग ठरवतो. मागचा जास्त चपळ निघाला तर त्याचं पातं पुढच्याच्या टाचेशी येतं, आणि पुढच्याला बाजूला व्हावं लागतं. सगळ्या गावादेखत बाजूला होणं ही मोठी नामुष्की. तर एका शेतात असा एक परका गडी कामाला येतो. अंगाने किरकोळ. पहिल्या दिवशी तो जुन्या म्होरक्याच्या टाचेशी जाऊन पोचतो. रात्री म्होरक्या कुळवाचे लोखंडी दाते काढतो आणि उद्या त्या गड्याच्या वाट्याला येणाऱ्या पातीत, गवताच्या बुडाशी, जमिनीत उभे ठोकून ठेवतो. सकाळी गडी पातं पाजवतो, पात धरतो आणि कापत जातो. मध्येच एकदा म्हणतो, इथली काटेरी रोपं जरा चिवट दिसतात. संध्याकाळी गवत उलटताना बाकीच्यांना दाते सापडतात, जमिनीलगत साफ कापलेले.

असा विळा चालतो कसा, ह्याचंही उत्तर लोकांकडे होतं. काळा लांबट किडा, जो शेपूट विंचवासारखी वर करतो, तो अवजाराच्या दांड्यात कोंडला की कापणाऱ्याच्या हाताला जोर आणि कसब येतं अशी समजूत होती. एरवी हाच किडा सैतानाचा मानला जायचा आणि दिसला की ठेचला जायचा. म्हणजे गड्याचं कौतुकही करायचं आणि त्याच्या दांड्यात काय आहे ह्याची कुजबुजही करायची.

तुम्ही कुणी ह्यातलं वाचलंय का? इथे राहणाऱ्यांनी कुणाकडून ऐकलंय का? लिहा.

गोदाकाठ

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

जेजुरीचा खंडा आठवला. दसऱ्याला ४२ किलोची तलवार पेलायची, दातांत धरून उचलायची, आणि सगळं गाव बघतंय. पण तिथे तलवार देवाची असते. आयर्लंडमध्ये उचलायची वस्तू नेहमी कामाचीच (पोतं, ऐरण) असायची, की फक्त उचलण्यासाठी म्हणून ठेवलेलंही काही होतं?

मेघना_गॉलवे

@गोदाकाठ, होतं ना, दगड! आणि त्यांची गोष्ट गेल्या काही वर्षांत पुन्हा जिवंत झाली आहे.

बऱ्याच गावांत एक ठरावीक दगड असायचा. कुठे चर्चच्या दफनभूमीपाशी, कुठे चव्हाट्यावर, कुठे समुद्रकाठी. गुळगुळीत, गोलसर, पकडायला काही नाही असा. मयताला जमलेले, रविवारी प्रार्थनेनंतर थांबलेले तरुण त्याच्यावर जोर आजमावायचे. पायऱ्या ठरलेल्या होत्या. दगड जमिनीपासून जरासा सुटला, खालून वारा जाईल एवढा, तरी ती पहिली पायरी झाली आणि तीही मोजली जायची. मग गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, आणि खांद्यावर घेतला तर पुढच्या दोन पिढ्या नाव निघणार.

पुढे देशांतर वाढलं, तरुण मुलं बोटीत बसून गेली, आणि हे दगड गवतात तसेच पडून राहिले. वॉटरफर्डचे डेव्हिड केओहन हे केटलबेल (कडी असलेलं लोखंडी वजन) उचलणारे खेळाडू. स्कॉटलंड आणि आइसलँडमधले उचलायचे दगड जगप्रसिद्ध आहेत, मग आपल्याकडे का नाहीत, ह्या प्रश्नाने त्यांना पछाडलं. लिआम ओफ्लाहर्टी हे अॅरन बेटांपैकी इनिश मोरवर जन्मलेले लेखक. त्यांच्या एका लघुकथेत असा दगड येतो. केओहन त्या धाग्यावरून बेटावर गेले, दगड शोधून काढला आणि उचलला. दीडशे किलोच्या वरचा ग्रॅनाइट आहे तो! त्यानंतर त्यांनी हेच शालेय संकलन चाळायला घेतलं आणि मुलांनी लिहिलेल्या खुणांवरून एकामागून एक दगड शोधले. अमक्या चर्चच्या भिंतीपलीकडे, तमक्याच्या शेताच्या कोपऱ्यात, अशा खुणा. आता लोक ते दगड उचलायला मुद्दाम प्रवास करून जातात.

बारा वर्षांच्या मुलाने आजोबांना विचारून लिहिलेली चार ओळींची नोंद ऐंशीहून जास्त वर्षांनी एका माणसाला नेमकी दगडापाशी घेऊन जाते. एवढी उपयोगी पडलेली निबंधाची वही मला दुसरी माहीत नाही.

चंदूकाका

मेघनाताई, लेखन उत्तम. तरी एक शंका मांडतो, राग नसावा. मुलांनी आजोबांकडून ऐकलं, आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून. तीन तोंडं फिरून आलेली गोष्ट. दर तोंडाला दहा किलो वाढले तरी मूळ माणूस तुमच्याआमच्यासारखाच निघायचा. लोखंड कापणारा विळा तर सोडूनच द्या. ह्यातलं खरं किती धरायचं?

मेघना_गॉलवे

काका, राग कसला, हाच प्रश्न हवा होता.

मी ह्या गोष्टींचे सरळ दोन ढीग करते. एका ढिगात मोजता येणाऱ्या गोष्टी: दगड, पोतं, एकर, अमक्या गावाहून तमक्या गावापर्यंतची चाल. तिथे गोष्ट कितीही वाढली तरी दगड वाढत नाही. तो तिथेच आहे, काटा घेऊन जा आणि मोजा. इनिश मोरचा दगड उचलता येतो हे आजच्या माणसाने उचलून दाखवलं आहे. आणि गावात खोटं टिकत नव्हतं, कारण दगड सगळ्यांच्याच वाटेत होता. कुणी म्हणाला माझ्या बापाने उचलला, तर लगेच दुसरा म्हणणार, मग तू वारा तरी घालून दाखव.

दुसऱ्या ढिगात फिरत्या गोष्टी. कापलेल्या कुळवाच्या दात्यांची गोष्ट एकाच गड्याची नाही, वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या नावांनी सांगितली जाते. ती घडली म्हणून सांगत नाहीत. एखादा गडी खरोखरच नामी निघाला की गाव त्याला ती गोष्ट बहाल करतं. म्हणजे ती कुणाच्या नावावर चढली आहे, एवढीच त्यातली खरी नोंद.

काळाचाही हिशोब करून बघा. १९३७ साली सत्तर-ऐंशीचे आजोबा १८६०च्या आसपास जन्मलेले. त्यांचे आईवडील १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळातून वाचलेले. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. मागे राहिलेल्या कुळांकडे जमीन नाही, लेखी काही नाही, कित्येकांच्या थडग्यावर दगडसुद्धा नाही. अशा माणसाचं नाव राहायचं ते 'त्याने ते पोतं उचललं' ह्या एका वाक्यात.

फेकगोळा

चंदूकाकांच्या शंकेला माझ्याकडे आकडेवारीनिशी उत्तर आहे. ह्याच गावांतून, ह्याच पिढ्यांतून निघालेले लोक ऑलिंपिकच्या मैदानात उतरले, तेव्हा काय झालं?

हातोडाफेक. १९००, १९०४, १९०८: तिन्ही सुवर्ण जॉन फ्लॅनागन, लिमरिक काउंटी. १९१२: मॅट मॅकग्रा, टिपररीतल्या नीनाचा. १९२०: पॅडी रायन, पुन्हा लिमरिक. हे सगळे अमेरिकेकडून खेळले, कारण पोट भरायला तिकडेच गेले होते. १९२८ आणि १९३२: डॉ. पॅट ओकॅलहन, कॉर्क, आणि हे मात्र स्वतंत्र आयर्लंडच्या नावाने. म्हणजे १९०० ते १९३२ ह्या काळात फक्त १९२४ चं सुवर्ण आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाकडे गेलं नाही.

थाळीफेकीत मेयोमधल्या बोहोला गावचा मार्टिन शेरिडन १९०४ आणि १९०८ ला पहिला. क्लेअरमधल्या डूनबेगचा पॅट मॅकडोनाल्ड १९१२ ला गोळाफेकीत पहिला, आणि १९२० ला बेचाळिसाव्या वर्षी ५६ पौंडी वजनफेकीत पहिला. ह्या टोळीला तिकडे 'आयरिश व्हेल' म्हणायचे. बरेचसे न्यूयॉर्कच्या पोलिसांत होते.

आणि ते ५६ पौंडांचं वजन काय होतं? धान्य मोजायच्या काट्यावरचं माप! अर्धा हंड्रेडवेट, २५.४ किलो, वर कडी. गिरणीत आणि दुकानात पडलेलं असायचं, काम संपलं की पोरं तेच फेकायची. हातोडाफेकीचा हातोडाही मूळचा लोहाराचा घणच. म्हणजे मेघनाताईंनी सांगितलेली लोहारशाळा ह्या लोकांची पहिली व्यायामशाळा होती, आणि ही मी उपमा म्हणून सांगत नाही.

पॅडी रायनने १९१३ मध्ये ५७.७७ मीटर फेक केली. तो विक्रम १९३८ पर्यंत टिकला. पंचवीस वर्षं!

चंदूकाका

आकडे पाहून बोलती बंद झाली. वजनमापाचं तर नव्यानेच कळलं. धन्यवाद.

रेवती क.

सगळं वाचलं, छान चाललंय, पण बाया कुठे आहेत? पीटचं जळण दलदलीतून घरी कोण आणत होतं? पाठीवर विणलेली टोपली, त्यात ओली समुद्री शेवाळ भरून कड्यावरून वर चढायचं आणि बटाट्याच्या वाफ्यांना घालायची. पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर हे काम बायका रोज करायच्या. रोजचं काम म्हणून त्याची गोष्ट होत नाही. पुरुषाने एकदा दगड उचलला की तो वीर, आणि तिने हजारदा टोपली उचलली तर ते घरकाम!

दुसरं. त्या कापणाऱ्यांच्या शर्यतीचा फायदा कुणाला होतो? शेतमालकाला. म्होरक्याने वेग वाढवला की मागच्या सगळ्यांना तो धरावा लागतो, आणि मजुरी तेवढीच. जमीनदारांनी आपापल्या माणसांवर पैजा लावल्याच्या गोष्टीही असतीलच. हे कौतुक कुणाच्या घामावर चाललंय तेही पाहावं असं मला वाटतं.

मेघना_गॉलवे

रेवती, टोपलीचं शंभर टक्के मान्य. नोंदींमध्ये जोरकस बायका येतात, पण पुरुषांच्या मानाने फारच कमी. विचारणाऱ्यांनी 'वीर' म्हणून विचारलं, सांगणाऱ्यांनी पुरुष सांगितले.

मजुरीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. पैजेच्या गोष्टी आहेत, खूप आहेत. पण त्या सांगितल्या गेल्या कुळांच्या चुलीशी, जमीनदाराच्या दिवाणखान्यात नाही. त्यात शेवटी जमीनदार पैज जिंकतो आणि कुळाची थकबाकी माफ होते, किंवा जमीनदाराचा आणलेला पैलवान वाडीतल्या अनवाणी माणसाकडून हरतो. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्या अंगातली ताकद ही एकच गोष्ट मालकाला जप्त करता येत नव्हती. गोष्ट सांगणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

आणि कसबाच्या गोष्टींकडे वळलो तर एक बाई अशी सापडते की सगळ्या गोष्टीचा कणाच तिच्या हातात आहे. गोबान सेर हा आयर्लंडभर माहीत असलेला दंतकथेतला गवंडी आणि सुतार. जुने गोल मनोरे, चर्च, पूल, जे कुणी बांधलं ते आठवत नाही ते त्याच्या नावावर.

त्याला मुलगा होता, हाताने ठीकठाक, डोक्याने मंद. गोबानने त्याला मेंढीचं कातडं दिलं आणि सांगितलं, बाजारात जा, हे विक, आणि येताना कातडंही आण आणि त्याची किंमतही आण. बाजारभर लोक हसले. परतीच्या वाटेवर एक मुलगी भेटली. तिने कातडं घेतलं, बसून त्यावरची सगळी लोकर काढून घेतली, लोकरीचे पैसे मोजून दिले आणि उघडं कातडं त्याच्या हातात ठेवलं. गोबान म्हणाला, हिला घरी घेऊन ये. ती सून झाली.

पुढे एका राजाने वाडा बांधायला बापलेकाला बोलावलं. वाटेत गोबान मुलाला म्हणाला, रस्ता कमी कर. मुलाला काही सुचेना, म्हणून दोघे घरी परतले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग बायकोने नवऱ्याला सांगितलं, अरे, गोष्ट सांगायला लाग, रस्ता आपोआप कमी होतो. तिसऱ्या दिवशी ते पोचले.

वाडा उभा राहिला आणि तो इतका देखणा झाला की असा दुसरा कुणासाठी बांधू नये म्हणून राजाने दोघांना मारायचं ठरवलं. गोबानला कुणकुण लागली. तो राजाला म्हणाला, शेवटचा हात फिरवायला एक अवजार लागेल, ते घरी राहिलंय. माझी सून ते राजपुत्राशिवाय कुणाच्या हाती देणार नाही. त्याने अवजाराचं जे नाव सांगितलं तसलं अवजार जगात नव्हतं. राजपुत्र दारात आला, नाव सांगितलं, आणि सून काय ते समजली. मोठ्या पेटाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, तळाशी आहे, वाकून काढा. तो वाकला, तिने आत ढकलला आणि झाकण लावलं. निरोप गेला: माझी माणसं मजुरीसकट घरी येतील तेव्हा तुमचा मुलगा परत मिळेल.

ह्यात गोबानच्या हातोडीने काय केलं ते कुणाला आठवत नाही. पेटारा सगळ्यांना आठवतो.

रेवती क.

पेटारा!! हे माहीत नव्हतं. मजुरीसकट म्हणाली ते विशेष आवडलं. जमीनदाराच्या पैजांबद्दलचं माझं मत मात्र अजून तेच आहे. चुलीशी सांगितली म्हणून गोष्ट मालकाच्या फायद्याची नसते असं नाही. म्होरक्याचा वेग हा गोष्टीतही आणि शेतातही मागच्यांनाच भोवतो.

कॉर्कवासी

मी कॉर्क शहराच्या पश्चिमेला राहतो, तिथली भर घालतो.

इकडे रस्त्यावर लोखंडी गोळा फेकायचा खेळ अजून चालतो. गोळा २८ औंसांचा, म्हणजे आठशे ग्रॅमला थोडा कमी, मुठीत मावेल एवढा. ठरलेलं अंतर कमीत कमी फेकांत पार करायचं. रस्ता साधा, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंनी झाडोऱ्याच्या भिंती. हा खेळ आता मुख्यतः कॉर्क आणि उत्तरेकडच्या आर्मा ह्या दोनच काउंट्यांत उरला आहे. रविवारी गाडी घेऊन निघालं की मध्येच माणसांचा घोळका दिसतो, गाडी थांबवायची, कुणी तक्रार करत नाही.

एक माणूस पुढे जाऊन रस्त्यात पाय फाकवून उभा राहतो, म्हणजे फेकणाऱ्याला रेघ दिसते. गोळा जिथे टेकायला हवा तिथे गवताचा झुबका ठेवतात. फेकणारा धावत येतो, हात मागून गोल फिरवून खांद्याखालून सोडतो, आणि समोरचा माणूस गोळा पायांतून जाईपर्यंत हलत नाही! वळण आलं तर गोळा रस्त्यावरून न नेता झाडांवरून हवेतून पलीकडे टाकतात. त्या वेळी जमावात जी शांतता पसरते ती मी क्रिकेटच्या मैदानातही पाहिलेली नाही.

कॉर्कहून बॅन्डनकडे जाताना रस्त्यावरून जुना रेल्वेपूल जातो, चेटविंडचा. उंच दगडी खांब, वर लोखंडी कमानी. त्या पुलावरून गोळा पलीकडे टाकणं हे पिढ्यानपिढ्यांचं स्वप्न. १९५५ मध्ये वॉटरफॉलच्या मिक बॅरी यांनी १६ औंसांचा गोळा त्यावरून टाकला. ह्या खेळातलं त्यांचं नाव इथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकावं, लोक बोलताना आवाज खाली आणतात. मेघनाताईंच्या पहिल्या ढिगातली ही गोष्ट आहे. पूल अजून तिथेच आहे, खाली उभं राहून मान वर करून पाहिलं की पुरतं कळतं.

पारंबी

कसबाच्या गोष्टी निघाल्याच आहेत तर घोड्यांशी कुजबुजणारा सलिव्हन सोडून चालणार नाही. तोही कॉर्क काउंटीतला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. कुणालाही जवळ येऊ न देणारं, चावणारं, लाथा मारणारं जनावर असलं की ह्याला बोलवायचे. हा तबेल्यात शिरायचा, दार आतून बंद. अर्ध्या तासाने दार उघडायचं तर घोडा आडवा पडलेला आणि हा त्याच्याशी लहान पोराशी खेळावं तसा खेळतोय. कर्राच्या मैदानावर किंग पिपिन नावाचा एक शर्यतीचा घोडा आवरेना, तेव्हा त्यालाच आणलं, ती गोष्ट तर नावानिशी सांगितली जाते. आत काय करायचा ते त्याने कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणायचे कानात शब्द टाकतो, म्हणून त्याचं नावच तसं पडलं.

मला ह्यातलं गुपित आवडतं. दगड उचलणाऱ्याला सगळ्यांसमोर उचलावा लागतो. ह्याला मात्र बंद दार लागतं.

मेघना_गॉलवे

@पारंबी, क्या बात! लोहारांबद्दलही अशीच धास्ती होती. तापलेलं लोखंड ज्या पाण्यात विझवतात त्या पाण्याने चामखीळ जाते असं मानत, आणि लोहाराने ऐरण फिरवून दिलेला शाप फळतो असंही. लोहारशाळा हा त्या ५५ विषयांपैकी वेगळा विषय होता, त्यावरची पानं जरूर पाहा.

पण आयर्लंडच्या खेड्यात सगळ्यात मोठं कसब कुठलं, असं मला विचाराल तर मी गोष्ट सांगणं म्हणेन, आणि त्यातही स्मरण. हेही 'गावचे वीर' मध्येच मोडतं, पोतं उचलणाऱ्याच्या शेजारी.

केरीच्या टोकाला किलरिअलिग नावाची कड्यावरची वस्ती. तिथे शॉन ओ कोनल हे शेतकरी आणि मच्छीमार. जन्म १८५३, लिहितावाचता येत नव्हतं, आयुष्यभर आयरिशच बोलले. डेलार्जी १९२३ पासून त्यांच्याकडे जायचे. तोवर ऐकणारे कमी झाले होते, तरुणांना गोष्टी नको होत्या. गोष्टी विसरू नयेत म्हणून ओ कोनल गुरं हाकताना, आसपास कुणी नाही असं पाहून, मोठ्याने गोष्ट सांगायचे, हातवारे आणि चढउतार सगळं जसंच्या तसं करून. डेलार्जींनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. पैलवान तालमीत रोज मेहनत करतो, तशीच ही मेहनत.

आणि इथे माझ्या गॉलवेत, कार्नाकडे, एमन अ बूर्क. शिंपी. अमेरिकेत रेल्वेच्या अपघातात एक पाय गेला, परत आले. १९३८ मध्ये आयोगाच्या संकलकाने त्यांच्याकडून एकच वीरकथा ध्वनिमुद्रित केली, ती तीन रात्री चालली आणि कागदावर उतरवल्यावर तीस हजारांहून अधिक शब्द भरली. डोक्यातून, कागदाशिवाय. मुद्रण मेणाच्या नळकांड्यांवर व्हायचं. ती महाग, म्हणून लिहून झालं की वरचं मेण खरवडून नळकांडं पुन्हा वापरायचे. त्यामुळे शब्द राहिले, बहुतेक आवाज गेले. ह्याचं मला फार वाईट वाटतं. पोतं उचलणाऱ्याचं वजन सांगता येतं, पण तीन रात्रींचा तो आवाज कसा होता ते कागद सांगू शकत नाही.

गोदाकाठ

संकेतस्थळावर ही पानं शोधायची कशी? मी गेलो तर नुसत्या काउंट्यांची यादी दिसली, मग गोंधळलो.

मेघना_गॉलवे

काउंटी निवडा, मग शाळा, मग पानं उलटा. किंवा विषयांच्या यादीतून थेट जा. बऱ्याच पानांवर सांगणाऱ्याचं नाव, वय आणि पत्ता मुलाने शेवटी लिहिलेला असतो, तो आधी बघावा, गोष्ट कुठल्या काळातली ते कळतं. मूळ अक्षरांची छायाचित्रं आहेत आणि पुष्कळ पानं लोकांनी घरबसल्या टंकून दिली आहेत. मुलांचं अक्षर सुरेख आहे, वाचायला त्रास होत नाही.

फेकगोळा

एक राहिलं होतं. पॅट ओकॅलहन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेलेच नाहीत, कारण त्यांच्या संघटनेला आंतरराष्ट्रीय महासंघाने बाहेर ठेवलं होतं. १९३७ मध्ये कॉर्क काउंटीतल्या फर्मॉय इथे त्यांनी ५९.५६ मीटर हातोडा फेकला. रायनच्या विक्रमाच्या पावणेदोन मीटर पुढे! मोजणी झाली, हातोडा नियमापेक्षा काही औंस जडच निघाला आणि फेकायचं वर्तुळ लहान निघालं. म्हणजे दोन्ही चुका त्यांच्या विरोधातल्या. तरी विक्रम मान्य झाला नाही, कारण संघटनाच मान्य नव्हती.

हे त्याच वर्षी, ज्या वर्षी मुलांनी वह्या लिहायला घेतल्या. ओकॅलहन त्याच काउंटीतल्या कँटर्कचे, म्हणजे त्या भागातल्या मुलांना ही फेक नक्की कानावर आली असणार. मी आज रात्रीपासून फर्मॉय आणि कँटर्कच्या आसपासच्या शाळांच्या वह्या चाळायला घेतो. काही मिळालं तर इथेच टाकतो. कॉर्कवासी, तुमच्याकडे कुणी जुनं माणूस असेल तर विचारून ठेवा.

कॉर्कवासी

विचारतो. शेजारचे आजोबा मूळचे कँटर्कचेच आहेत.